सजीवांची शास्त्रीय नावे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विद्यार्थी, पक्षीनिरीक्षक, वनस्पतींच्या याद्या करणारे हौशी अभ्यासक आणि मराठीत विज्ञान लिहिणारे लेखक यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवात साध्या प्रश्नांपासून आहे, अपवाद पुढे येतात. नावे वाचायला सोपी जावीत म्हणून देवनागरीत दिली आहेत. नोंद करताना ती रोमन लिपीतच लिहावीत (प्रश्न ४).

१. मराठी नाव असताना शास्त्रीय नाव हवेच कशाला?

'चाफा' घ्या. पांढरा चाफा म्हणजे प्लुमेरिया, तो कण्हेरीच्या कुलातला. सोनचाफा म्हणजे मॅग्नोलिया चंपाका, तो मॅग्नोलियाच्या कुलातला. हिरवा चाफा म्हणजे आर्टाबोट्रिस हेक्सापेटॅलस, तो सीताफळाच्या कुलातला. नागचाफा या तिघांपेक्षा निराळा, मेसुआ फेरिया. नावात 'चाफा' असला तरी ही झाडे चार वेगवेगळ्या कुलांतली आहेत. उलट एकाच झाडाला तालुक्यागणिक वेगळे नाव असते. शास्त्रीय नाव जगभर एकच असते आणि ते कोणत्या जिवाचे आहे हे तपासून पाहता येते. बोलीतली नावे टाकून द्यावीत असा याचा अर्थ नाही. दोन्ही शेजारी लिहावीत.

२. 'प्रजाती' म्हणायचे की 'जाती'? पुस्तकागणिक अर्थ बदलतो.

बदलतो, हे खरे आहे. मराठी विश्वकोशाच्या परिभाषेत 'जाती' हा खालचा गट आणि 'प्रजाती' किंवा 'वंश' हा त्याच्या वरचा. वर्तमानपत्रांत मात्र 'नवी प्रजाती सापडली' असे लिहितात, तेव्हा खालचाच गट अभिप्रेत असतो. घोटाळा टाळायचा असेल तर 'वंश' आणि 'जाती' ही जोडी वापरावी. या पानावर तीच आहे. वंशाच्या वर कुल, गण, वर्ग, संघ आणि सृष्टी हे गट येतात.

३. दोन शब्दांची ही पद्धत कुणी आणली? त्याआधी काय होते?

त्याआधी नाव म्हणजे छोटेसे वर्णनच असे. प्लँटॅगो मीडिया या रोपट्याचे जुने नाव 'प्लँटॅगो फोलिइस ओव्हॅटो-लॅन्सिओलॅटिस प्युबेसेंटिबस, स्पायका सिलिंड्रिका, स्कॅपो टेरेटी' असे होते. म्हणजे अंडाकृती-भालाकृती लवदार पानांचा, दंडगोल कणसाचा, गोल दांड्याचा प्लँटॅगो. नवी जाती सापडली की फरक दाखवायला वर्णनात आणखी शब्द घालावे लागत.

स्वीडनच्या कार्ल लिनेयस यांनी १७५३च्या 'स्पीशीज प्लँटॅरम' या ग्रंथात प्रत्येक वनस्पतीच्या लांब नावाशेजारी समासात एकेक शब्द छापला. वंशाचे नाव अधिक हा शब्द, असे दुपदी नाव झाले. वनस्पतींची नावे १ मे १७५३पासून आणि प्राण्यांची १ जानेवारी १७५८पासून (लिनेयस यांच्याच 'सिस्टिमा नॅचुरी'ची दहावी आवृत्ती) मोजतात. कोळी हा अपवाद. कार्ल क्लर्क यांचा स्वीडिश कोळ्यांवरचा ग्रंथ १७५७चा असूनही त्यातली नावे ग्राह्य आहेत.

या पद्धतीने नावाला वर्णनाच्या ओझ्यातून सोडवले. आता नाव म्हणजे खूण, व्याख्या नव्हे. पुढची बरीच उत्तरे या एका गोष्टीवर उभी आहेत.

४. नाव लिहायचे कसे? देवनागरीत लिहिले तर चालते का?

रोमन लिपीत वंशाचे पहिले अक्षर मोठे, जातिवाचक शब्दाचे लहान आणि दोन्ही शब्द तिरप्या ठशात. हाताने लिहिताना दोन्हींखाली रेघ ओढतात. लेखात नाव एकदा पूर्ण आले की पुढे वंशाचे फक्त आद्याक्षर चालते. मात्र त्याच आद्याक्षराचे दोन वंश लेखात असतील तर पूर्ण नावच द्यावे. जातिवाचक शब्द एकटा कधीही लिहू नये. 'इंडिका' हे नाव नव्हे, कारण तो शब्द अनेक वंशांत आहे.

संहितांनुसार, म्हणजे नावे देण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमावल्यांनुसार, नाव रोमन अक्षरांतच असते, त्यामुळे देवनागरी रूप हा केवळ उच्चार आहे. मराठी लेखात ते द्यावे, पण यादीत, तक्त्यात किंवा नमुन्याच्या चिठ्ठीवर रोमन स्पेलिंग हवेच. देवनागरीवरून मूळ स्पेलिंग परत काढताना चुका होतात. उच्चाराचा मात्र बाऊ करू नये. संहिता उच्चारावर काहीच बंधन घालत नाहीत.

५. नाव लॅटिनच असावे लागते का?

शब्द कुठल्याही भाषेतून येऊ शकतो. ग्रीक तर भरपूर आहेत, आणि 'चंपाका', 'नाजा' ही आपल्याकडच्या भाषांतून गेलेली रूपे आहेत. पण एकदा नाव झाले की ते लॅटिनसारखे वागते. त्याला लिंग असते आणि शेवट त्यानुसार बदलतो.

चिमणी जवळून पाहू. लिनेयस यांनी तिला १७५८मध्ये फ्रिंजिला डोमेस्टिका म्हटले. फ्रिंजिला स्त्रीलिंगी, म्हणून विशेषण 'डोमेस्टिका'. पुढे ती पॅसर वंशात गेली. पॅसर पुल्लिंगी, म्हणून आज पॅसर डोमेस्टिकस. शब्द तोच, प्रत्यय बदलला. इथे नवखे हमखास फसतात ते झाडांच्या नावांत. फायकस, क्वेर्कस, प्रुनस यांचा शेवट पुल्लिंगी वाटतो, पण ही झाडांची नावे लॅटिनमध्ये स्त्रीलिंगी आहेत. म्हणून पिंपळ फायकस रिलिजिओसा आहे, 'रिलिजिओसस' नव्हे. जातिवाचक शब्द विशेषण नसून स्वतंत्र नाम असेल तर तो बदलत नाही. पँथेरा लिओमधला 'लिओ' म्हणजे सिंह. वंश कुठलाही असो, तो तसाच राहतो.

६. नावापुढे माणसाचे नाव आणि वर्ष असते. ते कधी कंसात, कधी कंसाबाहेर का?

ते नाव प्रथम प्रसिद्ध करणाऱ्याचे असते. प्राण्यांत कंस म्हणजे 'मूळ वंश वेगळा होता' अशी खूण. मोर पॅव्हो क्रिस्टॅटस लिनेयस, १७५८ असा कंसाविना लिहितात, कारण तो पहिल्यापासून पॅव्होच आहे. सिंह मूळचा फेलिस लिओ, म्हणून पँथेरा लिओ (लिनेयस, १७५८).

वनस्पतींत वर्ष सहसा लिहीत नाहीत, पण वंश बदलणाऱ्याचेही नाव देतात. सोनचाफा आधी मिशेलिया चंपाका एल. होता, 'एल.' म्हणजे लिनेयस. आता मॅग्नोलिया चंपाका (एल.) बाय. एक्स पिएर. कंसात मूळ नावकर्ता आणि बाहेर वंश बदलणारा. 'एक्स'चा अर्थ असा की नाव बायों यांनी सुचवले, पण नियमाप्रमाणे प्रसिद्ध पिएर यांनी केले. जागा कमी असेल तर 'एक्स'च्या आधीचे नाव गाळता येते, नंतरचे नाही.

लोकप्रिय लेखात ही शेपटी नको. जातींची यादी किंवा वर्गीकरणाचा लेख असेल तर हवीच.

७. 'टाइप' म्हणजे काय? चांगले वर्णन असले की पुरत नाही का?

नाही, आणि सगळ्या पद्धतीचा खुंटा इथेच आहे. नाव वर्णनाला नव्हे, एका प्रत्यक्ष नमुन्याला बांधलेले असते. वर्णन अपुरे किंवा चुकीचे असू शकते. शंभर वर्षांनी कळते की त्या वर्णनात तीन वेगळ्या जाती बसतात. मग जुने नाव कुणाचे? ज्या जातीत टाइप नमुना बसतो तिचे. उरलेल्या दोघींना दुसरे नाव लागते.

हर्बेरियममधला, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातला, टाइप डोळ्यांपुढे आणा. जाड कागदावर दाबून वाळवलेली फांदी, गळालेली फुले ठेवायला कोपऱ्यात कागदी पाकीट, खाली चिठ्ठीवर ठिकाण, तारीख, संकलकाचे नाव आणि त्याचा क्रमांक. इतर नमुन्यांत मिसळू नये म्हणून अनेक ठिकाणी त्याला लाल कडेच्या वेष्टणात ठेवतात. कीटकाच्या टाचणीवर लाल चिठ्ठी असते.

नावकर्त्याने निवडलेला एकमेव नमुना म्हणजे होलोटाइप. वनस्पतींत त्याच संकलनातल्या जोडनमुन्याला आयसोटाइप म्हणतात. प्राण्यांत त्याच लेखात टाइप-मालेत धरलेले बाकीचे नमुने पॅराटाइप. जुन्या लेखकाने होलोटाइप निवडलाच नसेल तर त्याच्या मूळ साहित्यातून नंतर निवडतात तो लेक्टोटाइप. सगळे मूळ साहित्य नष्ट झाले असेल तर नव्याने नेमतात तो निओटाइप. माणसाच्या होमो सेपियन्स या नावाचा लेक्टोटाइप खुद्द लिनेयस आहेत. १९५९मध्ये विल्यम स्टर्न यांनी तसे लिहिले.

टाइप म्हणजे जातीचा 'आदर्श' किंवा सरासरी नमुना नव्हे. तो खुरटा, तुटका, पिल्लू असलेलाही चालतो. त्याचे काम नाव धरून ठेवण्याचे आहे.

८. मला नवी जाती सापडली आहे असे वाटते. नाव देण्यासाठी काय करावे लागेल?

घाई करू नका. बहुतेक 'नव्या' जाती पहिल्याच पायरीवर गळतात.

आधी त्या वंशातल्या सर्व ज्ञात जातींची मूळ वर्णने वाचा, त्यांतली आज रद्द मानलेली नावेही सोडू नका. जवळच्या जातींचे टाइप प्रत्यक्ष किंवा चांगल्या छायाचित्रांतून पाहा. नर-मादीतला फरक, पिल्लाचे रूप आणि ऋतूप्रमाणे बदलणारे रंग यांनी अनुभवी लोकही फसले आहेत. एकाच नमुन्यावर विसंबू नये.

परवानगी घेऊनच संकलन करा. चिठ्ठीवर ठिकाण, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, अधिवास आणि क्रमांक त्याच दिवशी लिहा. बेडूक, सरडे, मासे यांच्या ऊतीचा तुकडा आधी ९५ टक्के अल्कोहोलमध्ये काढून ठेवा, मगच प्राणी १० टक्के फॉर्मलिनमध्ये घाला. क्रम उलटला तर फॉर्मलिनने डीएनए खराब होतो आणि मग हळहळण्यापलीकडे काही उरत नाही. फॉर्मलिनमध्ये घट्ट झालेला प्राणी पुढे ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवतात.

नाव ठरवले की ते त्या वंशात आधी वापरलेले नाही ना हे तपासा. लेखात 'नवी जाती' असा स्पष्ट उल्लेख, जवळच्या जातींपासूनचा फरक सांगणारे निदान, होलोटाइपचा क्रमांक आणि तो कोणत्या संग्रहात आहे हे हवे. वनस्पतींसाठी निदान किंवा वर्णन लॅटिन वा इंग्रजीत असावे लागते. केवळ लॅटिनची सक्ती १ जानेवारी २०१२पासून उठली.

अडते कुठे, तर बहुधा प्रकाशनात. फक्त ऑनलाइन निघालेल्या लेखात प्राण्याचे नाव असेल तर लेखाची झूबँक या प्राण्यांच्या नावांच्या ऑनलाइन नोंदवहीत आधी नोंद हवी आणि ती झाल्याचा पुरावा लेखातच छापलेला हवा. तो राहिला तर लेख कितीही चांगला असो, नाव ग्राह्य होत नाही. परिषदेच्या गोषवाऱ्यातले नाव धरत नाहीत. निदानाशिवाय छापलेले नाव 'नोमेन न्यूडम', म्हणजे उघडे नाव, ठरते. लेख निघण्यापूर्वी नाव बातमीत फुटू देऊ नका. त्यातून निर्माण होणारे गुंते सोडवायला वर्षे जातात.

९. फक्त फोटोवरून नाव देता येते का?

प्राण्यांत तांत्रिकदृष्ट्या येते. पकडलेला जीव निसटला किंवा नष्ट झाला तर चित्रात दिसणारा जीव हाच टाइप मानतात, फोटो नव्हे. पण २०१७च्या घोषणेत प्राण्यांची संहिता सांभाळणाऱ्या प्राणिनामकरण आयोगाने अशा वेळी सबळ कारण द्यावे असे सांगितले आहे. आमचे मत स्पष्ट आहे : नमुना मिळवणे शक्य असेल तर फोटोवर नाव देऊ नये. पुढचा अभ्यासक फोटोतल्या माशीचे पाय उचलून पाहू शकत नाही.

१०. जातीला माझे, आईचे किंवा गुरूंचे नाव देता येईल का?

दुसऱ्याचे देता येते आणि ती सन्मानाची जुनी रीत आहे. स्वतःचे देऊ नये; नियमात बंदी नसली तरी ते अशिष्ट मानतात. रोमन स्पेलिंगमध्ये पुरुषाच्या नावाला शेवटी 'आय' हे अक्षर लावतात, स्त्रीच्या नावाला 'ए' आणि 'ई' ही जोडी. अनेक पुरुषांसाठी किंवा मिश्र गटासाठी 'ओरम', स्त्रियांच्या गटासाठी 'आरम'. स्त्रीच्या नावाला चुकून पुरुषी प्रत्यय लावलेली नावे आजही छापली जातात, ते टाळा. वनस्पतींत व्यंजनाने संपणाऱ्या आडनावाला बहुधा दोन 'आय' लागतात. जागेच्या नावाला 'एन्सिस' जोडतात.

११. नावे सारखी का बदलतात? पाठ केलेले सगळे वाया जाते.

त्रागा समजण्यासारखा आहे, पण कारणे ठोस असतात. एक, नातेसंबंधांची समज बदलते. मिशेलियाची फुले पानांच्या बगलेत येतात आणि मॅग्नोलियाची फांदीच्या टोकाला, म्हणून ते दोन वंश मानत. डीएनएच्या अभ्यासात मिशेलिया मॅग्नोलियाच्याच शाखांमध्ये बसला, म्हणून सोनचाफ्याचा वंश बदलला. 'चंपाका' मात्र टिकला. दोन, एक जाती फोडून अनेक होतात किंवा अनेकांची एक होते. तीन, आधीचे नाव सापडते (प्रश्न १२).

जुने नाव पुसले जात नाही, ते सिनॉनिम म्हणून नोंदीत राहते. म्हणून पाठांतर वाया जात नाही. जुन्या नावाने शोधले तरी आजचे सापडते.

१२. एकाच जातीला दोन नावे असतील तर खरे कोणते?

नियमाने प्रसिद्ध झालेले सर्वांत जुने. ओथनिएल मार्श यांनी १८७७मध्ये ॲपॅटोसॉरस आणि १८७९मध्ये ब्रॉन्टोसॉरस अशी दोन नावे दिली. १९०३मध्ये दोन्ही एकाच वंशाची ठरली, तेव्हा गाजलेले ब्रॉन्टोसॉरस मागे पडले. २०१५च्या एका अभ्यासाने ते वंश पुन्हा वेगळे मानले, आणि नाव परतले. नियम तोच होता, बदलले ते वर्गीकरण.

विस्मृतीतले नाव उकरून रूढ नाव मोडू नये यासाठी प्राण्यांत सवलत आहे. जुने नाव १८९९नंतर वैध म्हणून वापरलेले नसेल, आणि नवे नाव मागच्या ५० वर्षांत किमान १० लेखकांच्या किमान २५ लेखनांत, निदान १० वर्षांच्या अवधीत वापरले गेले असेल, तर नवे टिकते. इतर प्रसंगी आयोगाकडे अर्ज करावा लागतो.

१३. बाभूळ 'ॲकेशिया' का राहिली नाही? टाइपचा नियम तिथे कुठे गेला?

हा खरोखर अपवादाचा अपवाद आहे. ॲकेशियाचा मोठा वंश एकसंध नाही हे स्पष्ट झाले, म्हणून तो फोडला. वंशाचे नावही एका जातीच्या टाइपला बांधलेले असते. इथे ती जाती बाभूळ, तेव्हा प्रश्न ७प्रमाणे ॲकेशिया हे नाव तिच्याकडेच राहायला हवे होते. पण तसे केले तर ऑस्ट्रेलियातल्या हजाराच्या आसपास जातींची नावे बदलली असती. म्हणून २००५च्या व्हिएन्ना परिषदेत टाइपच बदलून ऑस्ट्रेलियन जातीवर नेला, आणि २०११मध्ये मेलबर्नला तो निर्णय कायम राहिला. बाभूळ व्हॅचेलिया निलोटिका झाली, खैर सेनेगॅलिया कॅटेचू. या निर्णयावर कडाक्याचा वाद झाला, आणि हरकत घेणाऱ्यांचा मुद्दा हलका नव्हता.

१४. नावाचा अर्थच चुकीचा असेल तर दुरुस्ती होते का?

होत नाही. पॅराडिसिया अपोडा या स्वर्गीय पक्ष्याच्या नावाचा अर्थ 'बिनपायांचा' असा आहे, कारण युरोपात त्याची कातडी पाय काढून येत असत. पक्ष्याला चांगले दणकट पाय आहेत. होहोबा उत्तर अमेरिकेतला, पण नाव सिमॉन्डसिया चायनेन्सिस. नाव ही खूण असल्यामुळे (प्रश्न ३) अर्थ चुकला म्हणून खूण बदलत नाहीत.

१५. एकच वंशनाव प्राण्याला आणि वनस्पतीला असू शकते का?

असू शकते, कारण संहिता वेगवेगळ्या आहेत. फायकस हा वड-पिंपळाचा वंश आहे आणि समुद्री गोगलगायींचाही. एकाच संहितेत मात्र चालत नाही. बदकासारख्या चोचीच्या प्लॅटिपसला १७९९मध्ये प्लॅटिपस हेच वंशनाव दिले होते, पण ते एका भुंग्याला आधीच मिळालेले होते. म्हणून आज तो ऑर्निथोऱ्हिंकस ॲनाटिनस.

१६. नागाचे नाव 'नाजा नाजा' असे दुहेरी कसे? वनस्पतींत असे दिसत नाही.

प्राण्यांत चालते : नाजा नाजा, गोरिला गोरिला. वनस्पतींच्या संहितेत वंश आणि जाती यांचा शब्द तंतोतंत सारखा असायला बंदी आहे.

१७. यादीत 'एसपी.', 'एसपीपी.', 'सीएफ.', 'ॲफ.' असे लिहिलेले असते. फरक काय?

'एसपी.' म्हणजे वंश कळला, जाती नाही. 'एसपीपी.' म्हणजे त्या वंशातल्या अनेक जाती. 'सीएफ.' म्हणजे बहुधा हीच जाती, पण पडताळायला हवे. 'ॲफ.' म्हणजे हिच्या जवळची, पण हीच नव्हे. ही अक्षरे तिरपी छापत नाहीत. खात्री नसताना पूर्ण नाव ठोकून देण्यापेक्षा 'एसपी.' लिहिणे केव्हाही प्रामाणिक.

१८. उपजाती, संकर आणि लागवडीचे वाण यांची नावे कशी लिहितात?

प्राण्यांत उपजातीसाठी फक्त तिसरा शब्द जोडतात : पँथेरा टायग्रिस टायग्रिस. वनस्पतींत उपजाती, प्रकार की रूप, हा दर्जा लिहावाच लागतो. वनस्पतींच्या संकरात मध्ये गुणाकाराची खूण येते : मेंथा × पिपेरिटा, म्हणजे मेंथा ॲक्वॅटिका आणि मेंथा स्पायकॅटा यांचा संकर. ती खूण म्हणजे रोमन 'एक्स' नव्हे. लागवडीच्या वाणांची वेगळी संहिता आहे. वाणाचे नाव एकेरी अवतरणात, सरळ ठशात : रोझा 'पीस'. १९५९पासून वाणाला नवे लॅटिन नाव देता येत नाही.

१९. जिवाणू, बुरशी आणि विषाणू यांनाही हेच नियम लागू आहेत का?

दुपदी नाव सगळ्यांना, पण अटी वेगळ्या. जिवाणूंची गणना १ जानेवारी १९८०च्या मान्य यादीपासून नव्याने सुरू झाली. नव्या जिवाणूचे जिवंत संवर्धन दोन वेगवेगळ्या देशांतल्या संग्रहांत ठेवावे लागते. संवर्धन जमतच नसेल तर 'कॅन्डिडेटस' हा शब्द पुढे लावतात.

बुरशी वनस्पतींच्याच संहितेत येते, मात्र २०१३पासून नव्या नावाला नोंदणी क्रमांक सक्तीचा आहे. पूर्वी एकाच बुरशीच्या लैंगिक आणि अलैंगिक रूपांना वेगळी नावे असत. ती सवलत आता संपली.

विषाणूंच्या जातींसाठी दुपदी नाव २०२१मध्ये ठरले. कोविडच्या विषाणूची जाती आज बीटाकोरोनाव्हायरस पँडेमिकम आहे. विषाणूचे रोजचे नाव मात्र सार्स-कोव्ह-२ हेच.

२०. एखादे नाव अपमानास्पद असेल तर ते बदलता येते का?

इथे दोन संहितांनी वेगळ्या वाटा धरल्या आहेत. २०२४च्या माद्रिद परिषदेत वनस्पतिशास्त्रज्ञांनी 'कॅफ्रा' आणि त्याची रूपे बदलून 'ॲफ्रा' करण्याचे ठरवले, कारण मूळ शब्द दक्षिण आफ्रिकेत वंशद्वेषी शिवी आहे. त्यामुळे एरिथ्रिना कॅफ्रा आता एरिथ्रिना ॲफ्रा. प्राणिनामकरण आयोगाने २०२३मध्ये अर्थावरून नावे बदलणार नाही असे जाहीर केले; स्थैर्य महत्त्वाचे, ही त्यांची भूमिका. १९३७मध्ये एका आंधळ्या गुहावासी भुंग्याला दिलेले ॲनॉफ्थॅल्मस हिटलेरी हे नाव त्यामुळे आजही वैध आहे. 'कॅफ्रा'चा बदल आम्हाला योग्य वाटतो : शब्द एका अक्षराने बदलला, टाइप जागचा हलला नाही, आणि जुने रूप नोंदीत सापडतेच.

२१. आजचे बरोबर नाव कुठे तपासायचे?

वनस्पतींच्या नावाचा जन्मदाखला आयपीएनआय या वनस्पतिनामांच्या आंतरराष्ट्रीय सूचीवर आणि आजची मान्यता क्यू उद्यानाच्या 'प्लँट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन'वर पाहावी. बुरशीसाठी इंडेक्स फंगोरम किंवा मायकोबँक, जिवाणूंसाठी एलपीएसएन, समुद्री जिवांसाठी वर्म्स. प्राण्यांच्या नव्या नावांची नोंद झूबँकवर मिळते, पण ती नोंद म्हणजे जातीवर शिक्कामोर्तब नव्हे. दोन ठिकाणी उत्तर वेगळे आले तर बहुधा वर्गीकरणाचे मत वेगळे असते. अशा वेळी कोणत्या सूचीप्रमाणे आणि कोणत्या तारखेला पाहिले हे आपल्या यादीच्या डोक्यावर लिहून ठेवावे.